कातडीपाशी चौदा

तुमच्या आजोबांच्या मानेत, उजव्या बाजूला, जी नळी घातली होती तिच्यावर सेंटिमीटरच्या बारीक काळ्या रेघा होत्या. पाच, दहा, पंधरा असे आकडे आणि मधे नुसत्या रेघा. पंधराचा आकडा बाहेर दिसायचा आणि त्याच्या अलीकडची रेघ कातडीला टेकलेली असायची. म्हणजे चौदा. चौदा सेंटिमीटर नळी आत, बाकीची बाहेर. नऊ दिवस माझं सगळं लक्ष त्या एका रेघेवर होतं.

तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, आजोबांना नक्की काय झालं होतं. तुमचे बाबा म्हणाले, इन्फेक्शन. ते खरंच आहे. पण त्या नऊ दिवसांत मी काय केलं हे मी तुमच्या बाबांनाही पूर्ण सांगितलेलं नाही. एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते. हे मराठीत लिहिते आहे, कारण माझं इंग्रजी फार सुबक आहे आणि या प्रकरणात त्या सुबकपणानेच घात केला. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू दे.

संक्रांतीनंतरचा आठवडा होता. वलवणला सकाळी धुकं पडत होतं आणि आजोबा नेहमीप्रमाणे कानटोपी घालून धरणाच्या भिंतीकडे फिरायला जात होते. खोकला झाला, मग ताप आला. काढा झाला, गोळ्या झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी सदरा उलटा घातला आणि मी सांगितलं तरी त्यांना कळेना काय चुकलंय ते. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना कान्ह्याच्या पुढे महामार्गाला लागून असलेल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. बीपी इतकं खाली गेलं होतं की त्यांना थेट आयसीयूत घेतलं.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. म्हणाले, "आजी, बीपी वर ठेवायचं औषध हातातल्या शिरेतून फार वेळ देता येत नाही. शीर जळते. मानेतून मोठ्या शिरेत नळी घालावी लागेल."

संमतीचा कागद इंग्रजीत होता, तीन पानी. मी सगळा वाचला. दुसऱ्या पानावर एका वाक्यात कर्ता आणि क्रियापद जुळत नव्हतं. तिथे मी पेन्सिलीने बारीक खूण केली, आणि मग माझी मलाच लाज वाटली. चौतीस वर्षं लोणावळ्याच्या इंग्रजी शाळेत वह्या तपासल्या. हात ऐकत नाही.

नळी घालून झाल्यावर चाकांवरचं एक्स-रे मशीन आलं, सगळे बाहेर गेले, परत आत आले. डॉक्टरांनी मला पडद्यापाशी बोलावलं. आजोबांच्या बरगड्या दिसत होत्या आणि त्यांच्यातून खाली उतरत गेलेली एक पांढरी बारीक रेघ.

"हे टोक. हृदयात शिरायच्या जरा आधी थांबलंय. इथंच हवं. फुप्फुसालाही धक्का नाही."

"आणि उद्या ते इथंच असेल कशावरून?"

ते हसले. "रोज एक्स-रे काढत नाही आजी. टाके घातलेत. आणि सिस्टर दर दोन तासांनी बघतात. कातडीपाशी चौदा दिसलं पाहिजे, ड्रेसिंग कोरडं पाहिजे, सूज नको, आणि सिरिंजने ओढलं की रक्त परत आलं पाहिजे."

"आणि सरकली तर?"

"तर औषध भलतीकडे जाईल आणि बीपी पडेल." त्यांनी पडद्यावरच्या टोकावर बोट ठेवलं. "म्हणून तर बघायचं."

मला तेवढंच पुरलं. खालच्या मेडिकलमधून मी एक वही घेतली, पट्टीने रेघा मारल्या, तारीख, वेळ, रेघ, ड्रेसिंग, सूज असे रकाने पाडले. भेटायची वेळ अकरा आणि पाच एवढीच होती, दहा दहा मिनिटं. पहिल्या ओळीत लिहिलं: कातडीपाशी चौदा. कोरडं. सूज नाही. रक्त परत येतं का हे मला तपासता येणार नव्हतं, म्हणून तो रकाना मी पाडलाच नाही. रिकामा रकाना मला बघवत नाही.

रोज सकाळच्या लोकलने मी जायची. कान्हे स्टेशन गेलं की पिशवीतून वही काढायची आणि कालची पानं वाचायची. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. चौदा, चौदा, चौदा. पण शेतांकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं वाटायचं. तेवढ्या आकड्यावर ते टिकून आहेत असं मला वाटायचं, आणि आकडा टिकला की तेही टिकतील.

दुसऱ्या दिवशी निळा मास्क लावलेली एक सिस्टर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "टीचर?"

चेहरा ओळखू आला नाही. ती म्हणाली, "औंढ्याची. भिंतीकडच्या रांगेत शेवटच्या बाकावर बसायचे." तरी नाही. मग तिने आजोबांच्या पलंगाला लावलेल्या चार्टवर काहीतरी लिहिलं आणि मला एकदम आठवलं. चेहरा नाही, वही आठवली. तपकिरी कव्हर, लाल शाईचा समास, एकही खाडाखोड नाही. शाळेत मी वर्गाच्या भिंतीवर गृहपाठाचा तक्ता लावायची. ज्याच्या नावापुढे चौकट रिकामी, तो उभा राहायचा. या मुलीची चौकट तीन वर्षांत एकदाही रिकामी नव्हती. स्वच्छ वहीचं बक्षीस मी तिला दोनदा दिलं होतं.

मला केवढा धीर आला! वर्गातली सगळ्यात चांगली वही यांच्या उशाशी होती.

तेव्हा आजोबा शुद्धीवर होते, ऑक्सिजनच्या मास्कमधून बोलायचे. मला बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, हितंबी वह्या तपासाया आलीस व्हय?"

ती मुलगी हसली. "आबा, मान हलवू नका. नळी आहे."

"नळी न्हाई पोरी, पट्टी हाय ती. धरणाच्या भितीला असती तसली. बघ, किती पाणी हाय?"

"चौदा, आबा."

"मंग भरलं न्हाई अजून. लय वाव हाय."

ही त्यांची आणि तिची गंमत झाली. प्रत्येक वेळी ती पारदर्शक ड्रेसिंगखालून रेघ बघायची आणि ते विचारायचे, "किती पाणी?" ती म्हणायची, "चौदा, आबा." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून माझ्या वहीत लिहायची.

पट्टीचं तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगते. आजोबांनी सगळी नोकरी वलवणच्या धरणावर केली. पाण्याची पातळी बघणं हे त्यांचं काम. भिंतीवर आकड्यांची पट्टी रंगवलेली होती. पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते ठरलेल्या वेळी बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. तुमचे बाबा लहान असताना एका श्रावणात धुकं इतकं दाट होतं की पट्टीच दिसेना. आजोबांनी त्या वेळची चौकट रिकामी ठेवली. साहेबांनी बोलणी दिली. घरी आले, जेवायला बसले. भाकरी मोडून नुसती ताटात ठेवली. मी म्हटलं, "आदल्या दिवशीचा आकडा बघून अंदाजाने लिहायचं. पाणी काय असं एकदम पळून जातं?"

ते म्हणाले, "न्हाई दिसलं तर न्हाई लिवलं. ज्यानं बघितलं न्हाई त्यानं लिवायचं कसं?"

मला ते हट्टी वाटले. पान अर्धवट दिसत असेल, हेच माझ्या डोक्यात होतं.

चौथ्या दिवशी श्वास फारच कमी पडू लागला आणि त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं. झोपेचं औषध सुरू झालं. बोलणं संपलं. ती मुलगी मात्र तरीही रेघ बघितली की त्यांच्या कानाशी वाकून सांगायची, "आबा, चौदा."

पाचव्या दिवशी अकरा वाजता मी आत गेले. ती पलीकडच्या पलंगापाशी होती. तिथे काहीतरी धावपळ चालली होती. मी वाकून आपली रेघ बघितली. चौदा. कोरडं. सूज नाही. आणि मग सवयीने चार्ट बघितला.

चार्टवर दर दोन तासांची चौकट होती. मार्क, ड्रेसिंग, सूज, रक्त. सकाळी आठची भरलेली होती, दहाची भरलेली होती. बाराचीही भरलेली होती. दोनची, चारची, सहाचीसुद्धा. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. सात दिवसांचा गृहपाठ एका बैठकीत लिहिला की तो कसा दिसतो, हे मी झोपेतही सांगेन. शाई तीच, कलती रेघ तीच, हाताचा दाब तोच, आणि पुढेपुढे हात दमतो म्हणून टिकची शेपटी लांब होत जाते. बारा वाजताची टिक, सहा वाजताची टिक, सगळ्या एकाच श्वासात केलेल्या. चौदा, चौदा, चौदा, चौदा.

उद्या नळी सरकली तर इथे चौदाच लिहिलेलं असणार, हा एकच विचार मनात होता. माझ्या वहीतले आकडे खरे होते, पण मी दिवसातून वीसच मिनिटं तिथे होते.

तिला बाजूला बोलावून विचारायला हवं होतं. एवढं साधं होतं. पण चौतीस वर्षांत नक्कल केलेल्या मुलाला मी कधी बाजूला घेतलं नाही. वही घेऊन सरळ मुख्याध्यापिकेकडे जायची. ती माझी पद्धत होती. मी मोठ्या सिस्टरला बोलावून चार्ट दाखवला.

मोठी सिस्टर सगळ्यांसमोर तिला म्हणाली, "काय गं हे? सहा वाजले का? माझ्या घड्याळात नाही वाजले ते?"

ती हातमोजे काढत आली. चार्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "टीचर, मी बघते हो. खरंच बघते. बघते, पण नंतर लिहायला वेळ राहत नाही. चौकट रिकामी दिसली की राउंडला बोलणी बसतात. म्हणून सकाळीच भरून ठेवते."

"आणि आकडा वेगळा निघाला तर?"

"तर खोडून लिहीन ना, टीचर."

मोठी सिस्टर तिला म्हणाली, "पुन्हा दिसलं तर बघ. आजी, बसा तुम्ही बाहेर. मी बघते."

हे तिथेच संपलं असतं. मोठ्या सिस्टरने आणखी दोन शब्द सुनावले असते, मुलीने चार दिवस नीट लिहिलं असतं. तिथे रोज अशा दहा गोष्टी होत असणार. पण मी बाहेरच्या बाकावर बसले, वहीतून एक पान काढलं आणि मॅनेजमेंटला इंग्रजीत पत्र लिहिलं. वर तारीख, मग विषय, मग क्रमवार मुद्दे. कुठल्या वेळी कुठल्या वेळेपर्यंतच्या चौकटी भरलेल्या होत्या, यातून रुग्णाच्या जिवाला काय धोका, आणि अशा व्यक्तीकडे आयसीयूचं काम देणं योग्य आहे का, असा शेवटी सभ्य प्रश्न. एकही खाडाखोड नाही. ऑफिसातल्या माणसाने ते वाचलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिला. त्या हॉस्पिटलात लोक ओरडतात, काउंटरवर हात आपटतात. त्याची त्यांना सवय आहे. माझ्या पत्राची त्यांना भीती वाटली. असं पत्र पुढे कुठे जाईल याचा काय नेम?

दुपारी डॉक्टर स्वतः आले. मला मुद्दाम आत नेलं. नळीला तीन तोंडं होती. प्रत्येकाला सिरिंज लावून ओढून दाखवलं, तिन्हीतून रक्त आलं. पुन्हा एक्स-रे काढला. पडद्यावर ती पांढरी रेघ पहिल्या दिवशी होती तिथेच थांबली होती.

"अगदी जागेवर आहे, आजी. तिळाएवढीही हललेली नाही."

मी म्हटलं, "थँक्यू, डॉक्टर." मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

सहाव्या दिवशी त्या मुलीच्या जागी दुसरी सिस्टर होती. मी विचारलं तर ती म्हणाली, "ती नाही आता इथे." कुठे गेली, असं विचारायचं धाडस झालं नाही. ही नवी सिस्टर बघितल्यावर मगच लिहायची. एखादी वेळ हुकली तर चौकट तशीच राहायची. अगदी मला हवं होतं तसं. फक्त ती आजोबांशी बोलत नव्हती. त्यांना ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. मी एकदा त्यांच्या कानाशी वाकले, पण "चौदा" हा शब्द माझ्या तोंडून निघेना. तो त्यांचा आणि तिचा होता.

सातव्या दिवशी त्यांच्या मूत्रपिंडांनी काम कमी केलं. आठव्या दिवशी औषध वाढवलं, मग आणखी वाढवलं. डॉक्टर आता पडद्याकडे बोट दाखवत नव्हते, माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते. तुमच्या बाबांनी तिकीट काढलं. मी लोकलमध्ये वही काढत राहिले. कातडीपाशी चौदा. कोरडं. सूज नाही. माणूस आतून विझत चालला होता आणि माझ्या वहीत सगळं ठीक होतं.

नवव्या दिवशी अकराची भेट झाली. चौदा. मी बाहेर येऊन बाकावर बसले, ते लिहिलं, आणि बघितलं की पानावर शेवटची एकच ओळ उरली आहे, पाच वाजताची. पेन हातातच होतं. संध्याकाळी गडबडीत अक्षर बिघडतं. शिवाय नऊ दिवसांत आकडा कधी बदलला होता? मी लिहिलं: पाच वाजता. कातडीपाशी चौदा. कोरडं. सूज नाही. पान पूर्ण झालं. वही मिटून पिशवीत ठेवली आणि डब्यातली पोळी खाल्ली.

साडेतीनला मला आत बोलावलं. ते गेले होते.

डॉक्टर बराच वेळ बोलले. इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं, वय होतं, सगळे प्रयत्न केले. मी विचारलं, "नळी?"

त्यांना आधी कळलंच नाही मी काय विचारते आहे. मग म्हणाले, "नळीचा काहीच दोष नव्हता, आजी. ती शेवटपर्यंत जागेवर होती."

नव्या सिस्टरने टाके कापून ती बाहेर काढली आणि त्या जागी कापूस दाबून धरला. ट्रेमध्ये ती नळी मी पहिल्यांदा पूर्ण बघितली. एवढीशी होती. तुमच्या शाळेतल्या पट्टीपेक्षाही लहान. मरण दुसऱ्याच वाटेने आलं आणि मी नऊ दिवस भलत्याच दारावर पहारा करत बसले होते.

तुमचे बाबा दुसऱ्या दिवशी पोचले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

वही मी दिवसकार्य होईपर्यंत उघडली नाही. तुमचे बाबा परत गेल्यावर एका दुपारी आवराआवर करताना उघडली आणि शेवटची ओळ वाचली. पाच वाजता. चौदा. कोरडं. पाच वाजता तर मी खालच्या ऑफिसात सह्या करत होते. माझ्याही शेवटच्या अक्षराची शेपटी लांब झालेली होती.

मी हॉस्पिटलात गेले. मोठ्या सिस्टरला म्हटलं, त्या मुलीला परत घ्या, माझी तक्रार मी मागे घेते. ती मला वाईट वाटू नये अशा बेताने बोलली. "आजी, तुमचं पत्र फाइलला लागलंय. मॅनेजमेंटची सही झाली त्याच्यावर. आता कुणाच्या हातात नाही. तोंडी बोलला असतात तर मी बघून घेतलं असतं." मग म्हणाली, "पोरगी चांगली होती हो. बारा-बारा तास उभी असायची."

मग मी औंढ्याला गेले. वही पिशवीत घेतली. तिच्यासमोर ती उघडायची, शेवटची ओळ दाखवायची आणि मग ती म्हणेल ते ऐकून घ्यायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

रिक्षावाल्याने विचारत विचारत घर शोधलं. अंगणात तिची आई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर लगबगीने उठली, सतरंजी टाकली.

"या बाई, हितं सावलीत बसा. आता यील ती. अवो, लय नाव घ्यायची तुमचं. टीचरनी आसं सांगितलंय, टीचरनी तसं सांगितलंय. आमी म्हनायचो, मंग टीचरकडंच ऱ्हायला जा की!" ती हसली. मी पाणी प्यायले.

"आता कुठे असते?"

"लोनावळ्यात बंगल्यांवर जाती. पावनं यायच्या आदी खोल्या झाडायच्या, चादरी घालायच्या. दुसऱ्या दवाखान्यात इचारलं तर ते म्हंत्यात, पैल्या जागेचं पत्र आना. ती पत्र दीनात." शेंगा सोलायचे तिचे हात थांबले नव्हते. "कुना पेशंटच्या बाईनं इंग्रजीत चिठ्ठी लिवून दिली म्हनं. एवढं शिकल्याली बाई, आन् पोरीच्या पोटावर पाय दिला. कोन व्हती, आमची पोरगी नाव सांगत न्हाई. पर बाई, चांगलं न्हाई व्हायचं तिचं."

मी म्हटलं, "नाही व्हायचं."

"व्हय का न्हाई?" ती म्हणाली आणि सोललेले दाणे माझ्यासाठी एका पिशवीत भरू लागली.

थोड्या वेळाने ती मुलगी आली. मास्कशिवाय मी तिला पहिल्यांदाच बघत होते. फाटकातच थांबली. तिने आईकडे बघितलं, आईच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की मी काही सांगितलेलं नाही. मग पुढे आली आणि नमस्कार करायला वाकली. मी तिचे खांदे धरले तोवर वाकून झालं होतं.

"टीचर, आबा कसे आहेत?"

तिला कळलं नव्हतं. कळणार तरी कुठून? मी म्हटलं, "गेले. नवव्या दिवशी."

तिचे डोळे भरले. तिची आई "अगं बाई" म्हणाली आणि शेंगांची परात बाजूला सारली. त्या मुलीने पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीने तोंड पुसलं आणि खालच्या आवाजात, आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "शेवटी चौदाच होती ना, टीचर?"

तिला आबांचं दुःख होतंच. पण ती हे विचारत होती की ती नसताना, किंवा ती असताना, तिच्यामुळे काही झालं नाही ना. दीड महिना तो प्रश्न तिच्या पोटात असणार. तिथे तो मीच ठेवला होता.

आता वही काढायची होती. पिशवी माझ्या मांडीवर होती. माझा हात पिशवीत गेला, वहीच्या कव्हरला लागला. आई समोर बसली होती. तिने नुकतंच जे म्हटलं होतं ते माझ्या कानात होतं.

"हो," मी म्हटलं. "चौदाच होती. डॉक्टर म्हणाले, शेवटपर्यंत जागेवर होती."

तिने श्वास सोडला. "मी बघायचे, टीचर. प्रत्येक वेळी बघायचे."

"माहीत आहे मला."

एवढंच बोलणं झालं. चहा झाला. मी हात पिशवीतून रिकामाच बाहेर काढला. वालाचे दाणे त्या वहीवर ठेवून मी घरी आले. तिने माझं नाव तिच्या आईला सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. तिने माझ्यासाठी गप्प बसणं आणि मी माझ्यासाठी गप्प बसणं या दोन्ही गोष्टी एका अंगणात झाल्या. परत जाईन असं रोज ठरवते. अजून गेलेले नाही. आता जाईन असं तुम्हाला लिहिणार नाही. जे झालेलं नाही ते लिहून ठेवायची खोड मी मोडायला बघते आहे.

वही कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे, आजोबांच्या चष्म्याच्या डबीखाली. तुम्ही याल तेव्हा बघा. प्रत्येक पान नीट आहे, रेघा सरळ आहेत. शेवटच्या पानावरची शेवटची ओळ मी खोडलेली नाही. ती खरी नाही. पाच वाजता मी काही बघितलं नव्हतं.